शिशाच्या इडल्या

माझं वजन चव्वेचाळीस किलो. आमच्या घराण्यात ही शरमेची गोष्ट आहे. इस्लामपूरच्या बाजूला आमचं ऊसवाल्यांचं घर. चुलते, आत्या, मामा, सगळी माणसं जीपमध्ये बसली की जीप एका अंगाला कलणार. त्यांच्यात मी म्हणजे फोटो काढताना चुकून मध्ये आलेली शेजारची पोरगी. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी पाणी प्यायचा आणि मग विचारायचा, "हिला खायाला घालता का न्हाई?" आईला हे फार लागायचं. पाहुण्याला काही बोलता येत नसे, म्हणून ती माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

भाकरींनी काही फरक पडला नाही. पुढं पुण्यात नोकरी लागली आणि तिथं हौस म्हणून मी विमानातून उड्या मारायला शिकले. तेव्हा वाटलं, चला, जगात एक तरी जागा सापडली जिथं हलकं असलेलं चालतं. कसलं चालतंय! उडी मारल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंत माणूस नुसता पडत असतो. त्यात जड माणूस सपाट्यानं खाली जातो आणि हलका रेंगाळतो. एकट्यानं पडायचं असेल तर रेंगाळा खुशाल. पण आमचा आठ जणांचा गट होता आणि पडता पडता आठ जणांनी हात धरून गोल करायचा होता. सात जणांनी केला. मी त्यांच्या डोक्यावर, सुपातून उडालेल्या फोलपटासारखी, हातपाय झाडत वरच. ते खाली एकमेकांकडं बघून हसतायत आणि मला फक्त त्यांच्या हेल्मेटांचे शेंडे दिसतायत.

असं एकदा नाही, प्रत्येक खेपेला झालं. शेवटी आम्हाला उड्या शिकवणारे आणि स्वतःही गोलात असणारे सर म्हणाले, "पुढच्या शिबिराला कमरेला चार किलो शिसं बांधून ये. नाहीतर आठवा माणूस दुसरा बघतो." सर चांगले आहेत, पण खरं बोलतात. मला त्या गोलात यायचं होतं. उगाच हट्ट नव्हता तो. खाली सगळे हात धरून असताना आपण वर एकटंच तरंगायचं, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. यंदा जमलं नाही तर मी पुन्हा तिकडं तोंड दाखवायला जाणार नव्हते.

असले वजनाचे पट्टे बाहेरून मागवता येतात. मी तसा मागवणारच होते, पण दिवाळीला घरी गेले असताना बोलता बोलता "मला चार किलो वजन लागतंय" असं आप्पांसमोर बोलून गेले. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

वजन हा आप्पांचा विषय आहे. जन्मभर ऊस घालणारा माणूस देवावर विश्वास ठेवेल, काट्यावर ठेवणार नाही. आप्पा उसाची ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेऊन वजन करून घेतात आणि मग कारखान्यात नेतात. कारखान्याच्या रांगेत ट्रॉलीला नजरेआड होऊ देत नाहीत, जेवतातसुद्धा तिच्याकडं तोंड करून. आठवड्याच्या बाजाराला जाताना पिशवीत स्वतःचं अर्ध्या किलोचं लोखंडी माप असतं. त्यांना लांबून बघितलं की भाजीवाल्या बायका आपणहून तागडी झटकून घेतात. एकदा दवाखान्यात त्यांना वजनाच्या यंत्रावर उभं केलं, तर खाली उतरून डॉक्टरांना म्हणाले, "ह्यो तुमचा काटा पुढं पळतोय." डॉक्टर ब्लडप्रेशर बघायचं विसरले.

तर असा माणूस. "इकत कशाला?" ते म्हणाले. "इकतचं वजन बरोबर आसतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन त्यांनी मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या. आई बचतगटाच्या बैठकीला गेल्यावर परड्यात चूल मांडली, तोंडाला टॉवेल बांधला आणि शिसं वितळवलं. आता ओतायचं कशात? घरात एकसारखे आठ खळगे असलेली एकच वस्तू होती. बैठकीहून आई परत आली तेव्हा तिच्या इडलीपात्रात आठ करड्या, चकचकीत इडल्या निवत ठेवल्या होत्या.

"आवं, ह्ये काय केलासा?"

"पोरीचं वजन," आप्पा म्हणाले.

त्या पात्रात पुन्हा कधी इडली झाली नाही. आई आठवडाभर त्यांच्याशी तुटक बोलत होती, पण जुन्या जीन्सचा आठ कप्प्यांचा पट्टाही तिनंच शिवून दिला. आप्पांनी प्रत्येक इडली कानशीनं घासून घासून आपल्या लोखंडी मापाबरोबर तोलली. अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो. मी म्हणाले, थोडं इकडंतिकडं चालतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी कारखान्याच्या बाजूनं बोलतेय.

शिबिर दिल्लीपल्याड हरियाणात होतं. आईनं अट घातली, एकटी जायचं नाही, आप्पांना घेऊन जा. मी विचारलं, "आप्पा तिथं काय करणार? खाली उभं राहून झेलणार?" आई म्हणाली, "झेलू देत न्हाईतर ऱ्हाऊ देत. कुनीतरी आपलं मानूस खाली पायजे." आप्पा पहिल्यांदाच विमानात बसणार होते. त्यांनी पांढरा शर्ट, पायजमा, टोपी अशी तयारी केली आणि स्वतःचे कपडे कारखान्याच्या वार्षिक सभेत भेट मिळालेल्या रेक्झिनच्या बॅगेत भरले. त्या बॅगेची चेन पहिल्याच वर्षी गेली होती. तिला सुतळी बांधली.

इडल्या मी माझ्या मोठ्या बॅगेत तळाशी ठेवल्या होत्या, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. घरी तुळईला ताणकाटा टांगून आप्पांनी बॅगेचं वजन केलं होतं. विमानात चालतं तेवढंच, बरोबर भरलं होतं. पुण्याच्या विमानतळावर बॅग काउंटरच्या पट्ट्यावर ठेवली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दोन किलो जास्त आहे."

मला घाम फुटला. आप्पांना मात्र घाम फुटला नाही, ते खुलले. जन्मभराचा शत्रू त्यांना इथंही भेटला होता.

"ताई," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "ह्यो काटा कवा तपासला हुता?"

"काका, तो मशीनचा असतो."

"कारखान्याचाबी मशीनचाच आसतो."

आणि मी हो-ना म्हणायच्या आत त्यांनी बॅग खाली ओढली, उघडली, माझे कपडे, चटणीचे डबे, भडंगाच्या पिशव्या बाजूला सारून तळातून साडीचा तुकडा काढला आणि आठही इडल्या त्या पट्ट्यावर ओळीनं मांडल्या. मागं रांग. रांगेतली माणसं माना लांब करून बघतायत. आप्पा आकड्यावर नजर लावून, श्वास धरून उभे.

आकडा आला चार किलो. ना पुढं, ना मागं.

आप्पांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. काटा खरा निघाला होता. मग जास्तीचे दोन किलो आले कुठून, ते बॅगेत हात घातल्यावर कळलं. वजन करून झाल्यावर आईनं सगळ्या गटासाठी म्हणून गुळाची एक छोटी ढेप चोरून आत सरकवली होती. तोवर त्या मुलीच्या घाईमुळं आप्पांनी इडल्या उचलून बॅग पुन्हा पट्ट्यावर ठेवली होती. "आता बसतंय काका," ती म्हणाली, खट्कन चिठ्ठी लावली आणि बॅग आत पाठवून दिली. बसणारच होतं. इडल्या बाहेर होत्या!

"बसलं की गं," आप्पा खूश होऊन म्हणाले. त्यांच्या हातात चार किलो शिसं होतं आणि बॅग रबराच्या पडद्याआड गेली होती.

मी कपाळाला हात लावला. आप्पांना त्यात काही बिघडलंय असं वाटतच नव्हतं. "हातातच बरं," म्हणाले. "डोळ्याम्होरं ऱ्हातंय." इडल्या कापडी पिशवीत घालून आणि आपली रेक्झिनची बॅग हातात घेऊन ते तपासणीच्या रांगेत माझ्यापुढं उभे राहिले.

पिशवी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेल्या जवानानं मान पुढं केली, मग शेजारच्याला बोलावलं, मग दोघांनी मिळून माना पुढं केल्या. शिशातून एक्स-रेचे किरण आरपार जात नाहीत. मला पडद्यावर आठ काळेभोर गोळे दिसत होते, दोन ओळींत नीट लावलेले. आप्पांनी पिशवी भरतानासुद्धा टापटीप सोडली नव्हती.

"ये थैला किसका है?"

"मेरा," मी म्हणाले. "मेरा," आप्पाही म्हणाले. हे तिथं चांगलं दिसत नाही.

जवानानं साडीचा तुकडा उलगडला. "ये क्या है?"

मी म्हणाले, "स्कायडायव्हिंग के वेट्स." त्याच क्षणी आप्पा म्हणाले, "इडली." घरात त्यांना तेच नाव पडलं होतं, त्यात त्यांची काही चूक नाही. जवानानं एक इडली उचलायला हात घातला आणि हात इडलीसकट खाली गेला.

"किसलिये है ये?"

मी तोंड उघडलं होतं, पण आप्पांचे सैन्यातले दोस्त पुष्कळ असल्यानं आपलं हिंदी चांगलं आहे असा त्यांचा समज आहे. "इसका वजन कम है," माझ्याकडं बोट करून ते म्हणाले. "बराबर गिरती नहीं."

"कहाँ से गिरती नहीं?"

"विमान से."

मागचे एक काका आपला ट्रे उचलून शेजारच्या रांगेत गेले. मला हसू यायला लागलं, आणि ज्या ठिकाणी हसू येऊ नये त्याच ठिकाणी मला ते जास्त येतं. जवान गंभीर होत चालला होता, मी ओठ चावत होते आणि आप्पा आपलं समजावून सांगत होते, "पूरा टीम नीचे जाता है, ये ऊपरच."

मग मोठ्या बाई आल्या. करड्या आवाजाच्या अधिकारी होत्या. त्यांनी आप्पांना हातानं थांबवलं आणि मला बोलायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, काही पुरावा? माझ्या फोनमध्ये तसल्या एका उडीचा, सोबत उडी मारलेल्या कॅमेरावाल्यानं काढलेला फोटो होता. तो मी कुणालाच दाखवत नसे, पण आता इलाज नव्हता. बाईंनी फोटो मोठा करून बघितला.

"ये सात लोग हैं. आप कौनसी?"

मी वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ये? मुझे लगा चिड़िया है."

जवान हसले, बाई हसल्या, मीही एकदाची पोटभर हसून घेतलं. मग आप्पांनी हात पुढं केला आणि बाईंनी फोन त्यांच्याकडं दिला. त्यांनी तो फोटो कधी बघितला नव्हता. चष्मा वर करून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही समदी हात धरून," ते हळू म्हणाले, "आन तू एकलीच वर व्हय गं?"

"व्हय."

"मला नुसतं म्हनलीस वजन पायजे. ह्ये न्हाई बोललीस कवा."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. आप्पांनी फोन मला परत दिला, टोपी नीट केली आणि बाईंकडं वळले. आता त्यांचं हिंदी अडखळत होतं. "म्याडम, लडकी अकेली ऊपर रहती है."

बाई नरमल्या, पण नियम नियमच. असला धातूचा गोळा उद्या कुणी कुणाच्या डोक्यात घालेल, तो वर नेता येणार नाही. खालच्या सामानात गेला तर हरकत नाही. पण काउंटर आता बंद होईल, जायचं तर एकानंच जा, पळत जा. सोबत एक जवान देते.

"राहू द्या आप्पा," मी म्हणाले. "सोडून देऊ. तुमचं विमान चुकेल."

"सोडून दिऊ?" आप्पा असे कडाडले की शेजारच्या रांगेतले ते काकाही दचकले. "गप हितं थांब तू."

एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सुतळीची रेक्झिन बॅग, असे ते जवानाच्या मागं पळाले. अनवाणी. चपला तपासणीच्या ट्रेमध्येच राहिल्या होत्या. मी त्या चपला हातात घेऊन विमानाकडं सोडतात त्या दारापाशी जाऊन उभी राहिले. विमानात माणसं भरली. भोंग्यावरून आप्पांचं नाव पुकारलं, तेही असं की त्यांनी स्वतः ऐकलं असतं तरी ओ दिली नसती. दारावरची मुलगी घड्याळाकडं बघायला लागली. मी तिला चपला दाखवून म्हणाले, "येतायत, हे बघा, ह्यांचेच मालक." त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

तेवढ्यात ते आले. टोपी हातात, शर्ट घामानं चिकटलेला, दोन्ही हात मोकळे.

"दिलं," ते म्हणाले.

"बॅग बांधली नीट?"

"कापडाच्या मधी घातलं आन सुतळी वडली. पोरीनं घेतलं, पट्ट्यावर ठेवलं, गेलं." त्यांनी टोपीनं घाम पुसला. "लय घाईत हुती ती. वजन किती आलं बघायचंबी ऱ्हायलं."

माझ्या उभ्या आयुष्यात आप्पांनी वजन न बघता कुणाच्या हातात काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. विमान उडालं तेव्हा ते खिडकीपाशी होते. पहिल्यांदा विमानात बसलेले सगळे खाली आपलं गाव शोधतात. आप्पा स्वतःच्या पायांकडं बघत होते. "हितंच खाली हाईत न्हवं?" त्यांनी मला दिल्ली येईस्तोवर कितीदा विचारलं असेल. मी दर वेळी "व्हय" म्हणाले, मलाही कुठं माहीत होतं.

दिल्लीत सामानाच्या पट्ट्यापाशी आम्ही अगदी तोंडाशी जाऊन उभे राहिलो. माझी बॅग आली. मग पुष्कळ लोकांच्या पुष्कळ बॅगा आल्या. मग आप्पांचा एक पायजमा आला, एकटाच. त्याच्यामागून रेक्झिनची बॅग, तोंड उघडं टाकून, सुतळी लोंबतेय. आणि तिच्यामागून, थोडं थोडं अंतर ठेवून, इडल्या. एक इडली, मग कुणाची तरी भारीतली निळी बॅग, मग दोन इडल्या, मग शर्ट. लोक बाजूला होऊन बघत होते. एका सद्गृहस्थानं स्वतःची समजून एक उचलली आणि लगेच दोन्ही हातांनी धरली. आप्पा पट्ट्याबरोबर चालत चालत एकेक इडली गोळा करत होते, शर्टाला पुसून माझ्या हातात देत होते आणि मोठ्यानं मोजत होते. सातनंतर बराच वेळ काही आलं नाही. आप्पांचा चेहरा मला बघवेना. आठवी आली ती टोपलीभर संत्र्यांच्या आडून आली.

शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. मी पट्टा बांधला, कप्प्यांत इडल्या घातल्या. चालताना त्या कमरेवर थडाथड आपटत होत्या. आप्पांना सरांनी गव्हाच्या शेताच्या कडेला खुर्ची दिली होती, पण ते काही बसले नाहीत. आम्ही विमानात चढलो तेव्हा ते मान वर करून उभे होते, आणि विमान अजून जमिनीवरच होतं.

वर दार उघडलं. मी उडी मारली. पहिले काही क्षण मला वाटलं, झालं, यंदाही तेच. मग बघते तर समोर हेल्मेटचा शेंडा नाही, चेहरा आहे. सरांचा. माझ्या बरोबरीनं पडतोय. डावीकडून एक हात आला, मी धरला. उजवा मी पुढं केला आणि तोही कुणीतरी घट्ट धरला. गोल पुरा झाला. मी ओरडले. वाऱ्यात कुणालाच ऐकू गेलं नाही, पण समोरचे सगळे तोंड उघडून ओरडत होते, म्हणजे तेही तेच करत असावेत. एवढा आनंद मला ह्याआधी कधी झाला असेल असं आठवत नाही.

खाली उतरले तेव्हा आप्पा गहू तुडवत पळत येत होते. धापा टाकत समोर उभे राहिले. मी पट्टा सोडायला लागले, पण त्यांचं पट्ट्याकडं लक्षच नव्हतं.

"मला काय बी दिसलं न्हाई गं," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "येवढा वर बघत हुतो, मान धरली. ठिपके दिसले आन मंग एकदम छत्र्याच." आणि मग घाबरत घाबरत विचारलं, "लागला का हात?"

"लागला."

"कुठल्या अंगाचा?"

"दोन्ही अंगांचे, आप्पा."

त्यांनी माझे दोन्ही हात घेतले, उलटेसुलटे करून बघितले. वर फार थंडी असते, बोटं बधिर झाली होती. मोठी झाल्यापासून आप्पांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. "गार पडल्यात," ते म्हणाले, आणि तिथंच गव्हात खाली बसून माझे हात आपल्या हातांत चोळत राहिले.